शेंगदाण्याचे वावडे आणि सूर्यफुलाची बिस्किटे

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून बिस्किटे कशी भाजावीत हे सांगण्यासाठी कोणी उभे राहावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. या व्यासपीठावरून आपण मुलींचे शिक्षण, शिष्यवृत्त्या, स्पर्धा परीक्षा अशा मोठ्या विषयांवरील विचार ऐकत आलो आहोत. माझा विषय एका डब्यात मावणारा आहे. परंतु तो डबा रोज शाळेत येतो, मधल्या सुट्टीत उघडला जातो, आणि त्यातील घास शेजारी बसलेल्या मुलाच्या तोंडात जातो. म्हणून तो शाळेचाही विषय आहे आणि पालकांचाही.

मराठीत ‘वावडे’ असा एक नेमका शब्द आहे. अमक्याला वांग्याचे वावडे, तमक्याला सुकटीचे वावडे, असे आपण सहज म्हणतो. अडचण अशी की हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. एखाद्याला पदार्थ आवडत नाही, हे एक. एखाद्याला तो पचत नाही, दूध प्याले की पोट बिघडते, हे दुसरे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे खरी ॲलर्जी. तिच्यात शरीराची संरक्षक यंत्रणा अन्नातील एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढाई मांडते. पहिल्या प्रकारच्या मुलाला समजूत घालून खाऊ घालता येते, दुसऱ्याला थोडे कमी देऊन भागते. तिसऱ्या प्रकारच्या मुलाच्या बाबतीत कणभर पदार्थही जिवावर बेतू शकतो. हा भेद न कळल्यामुळे खरे वावडे असलेले मूल नखरेल ठरते.

आपल्या कोकणात आणखी एक घोटाळा होतो. अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठले’ म्हणायचे आणि आमसुलाचे पाणी लावून मोकळे व्हायचे, ही आपली जुनी रीत. साध्या गांधी बहुधा आपोआप बसतात, त्यामुळे आमसुलाला यश मिळते. परंतु काही विशिष्ट पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी, काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत गांधी उठत असतील, ओठ किंवा डोळे सुजत असतील, उलटी होत असेल, तर ते पित्त म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावे. आणि घशात आवळल्यासारखे होणे, आवाज बसणे, श्वासात घरघर, एकाएकी गळून जाणे यांपैकी काहीही दिसले तर एक मिनिटही दवडू नये. तेथे खरा उपाय एकच, तो म्हणजे मांडीत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. खाजेची गोळी ते काम करू शकत नाही. मुलाला चालवू नये, उभे करू नये. आडवे ठेवून, आणि श्वासाचा त्रास असेल तर बसते ठेवून, ताबडतोब रुग्णालयात न्यावे. ज्या मुलाचे निदान झालेले आहे त्याच्या पालकांनी डॉक्टरांकडून लेखी सूचना घेऊन तिची एक प्रत वर्गशिक्षकांकडे द्यावी, एवढी माझी विनंती आहे.

आता आपल्या दस्तरखानाविषयी. पाहुण्याला आग्रह करणे हे आपल्याकडे प्रेमाचे लक्षण समजले जाते. ईदच्या दिवशी वाटीतला शीरखुर्मा संपण्याआधी खाला दुसरी वाटी भरते, आणि नको म्हणणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. या मायेवर मी टीका करीत नाही. परंतु त्या वाटीत काय काय असते ते पाहा : बदाम, पिस्ते, काजू, चारोळी. यांपैकी काजू, पिस्ता आणि चारोळी ही तिन्ही झाडे एकाच कुळातील आहेत. आंबाही त्याच कुळातला. ज्याला काजूचे खरे वावडे असते त्याला पुष्कळदा पिस्ताही सोसत नाही, कारण दोहोंतील प्रथिने फार सारखी असतात. शेंगदाणा मात्र या मंडळीत मोडत नाही. तो जमिनीखाली वाढणारा, वाटाणा-हरभऱ्याचा भाऊबंद आहे. म्हणून शेंगदाण्याचे वावडे असणाऱ्या प्रत्येकाला बदाम-काजूचेही असतेच असे नाही, काहींना मात्र दोन्हींचे असते. कोणाला काय चालते हे तपासणीनेच ठरते. आपण यजमानाने एवढेच करायचे : मुलाच्या आईला आधी विचारायचे, आणि मूल नको म्हणाले तर ‘एवढासा खा, काही होत नाही’ हे वाक्य तोंडातून काढायचे नाही. शेजाऱ्याच्या हक्काविषयी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि शेजाऱ्याचे मूल आपल्या घरून सुखरूप परत जाणे हे त्या हक्कातच येते.

ज्यांची मुले-नातवंडे इंग्लंड, अमेरिका वा कॅनडात आहेत त्यांना हा विषय नवा नाही. तिकडील कित्येक शाळा डब्यात शेंगदाणे व सुका मेवा आणू नये असे पालकांना कळवतात. येथून हौसेने पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू डब्यात घालून नातू शाळेत गेला आणि लाडू तसेच घरी परत आले, की नानीला वाईट वाटते. त्यामागील कारण मात्र समजून घेण्यासारखे आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २००३ साली सब्रीना शॅनन नावाच्या १३ वर्षांच्या मुलीचा शाळेच्या उपाहारगृहातील तळलेले बटाट्याचे काप खाल्ल्यानंतर मृत्यू झाला. तिला शेंगदाण्याबरोबरच दुधाचेही वावडे होते. बटाट्यात दूध नव्हते, परंतु दुधाच्या पदार्थाचा अंश, बहुधा वाढण्याच्या चिमट्यावाटे, त्याला लागला होता. त्यानंतर २००५ साली त्या प्रांतात तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा संमत झाला व १ जानेवारी २००६ पासून तो अमलात आला. शिक्षकांना प्रशिक्षण आणि अशा प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र योजना, हे त्यातील मुख्य कलम आहे. चिमट्याची ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण पुढे बिस्किटे करताना ती आपल्याला पुन्हा लागणार आहे.

मग आपल्या शाळेतही शेंगदाण्याला बंदी घालावी काय? माझे स्पष्ट मत असे की घालू नये. शेंगदाणा हे गरिबाघरचे पौष्टिक अन्न आहे. चिक्की, कूट, चटणी काढून घेतली तर कित्येक मुलांच्या डब्यात कोरडी पोळी उरेल. शिवाय आपल्याकडे शेंगदाण्याचे खरे वावडे इंग्लंड-अमेरिकेच्या मानाने कमी आढळते. आणखी एक गोष्ट आया-बहिणींनी लक्षात घ्यावी. वावडे होईल या भीतीने तान्ह्या मुलाला शेंगदाण्यापासून दूर ठेवावे, असा सल्ला पूर्वी परदेशात दिला जात असे. २०१५ साली लंडन येथील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेली ६४० बालके घेतली होती. ज्यांना शेंगदाणा वर्ज्य केला होता त्यांच्यापैकी पाचव्या वर्षी शेकडा सुमारे १७ मुलांना त्याचे वावडे आढळले, आणि ज्यांना लहानपणापासून नियमाने खाऊ घातला होता त्यांच्यापैकी शेकडा सुमारे ३ मुलांना. तेव्हा उगाच भिऊन पदार्थ बंद करणे हाही उपाय नव्हे. अशी जोखीम असलेल्या बालकांसाठी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि अख्खा शेंगदाणा लहान मुलाला कधीच देऊ नये, तो घशात अडकतो.

बंदी नको, पण ज्या एका मुलाला खरोखर चालत नाही त्याने मधल्या सुट्टीत एकटे कोपऱ्यात बसावे हेही नको. त्यासाठी सर्वांना वाटून खाता येईल असा एखादा पदार्थ आपल्या हाताशी असावा. कोणी म्हणेल, नानकटाई आहे की! खरे आहे, साध्या नानकटाईच्या पिठात सुका मेवा नसतो, वर पिस्ता लावला नाही की झाले. परंतु मुलांना शेंगदाण्याचा तो खमंगपणा हवा असतो, आणि नानकटाईत मैदा, साखर, तूप यांपलीकडे फारसे काही नसते. सूर्यफुलाच्या बियांच्या बिस्किटात ती चव बरीचशी येते, आणि १०० ग्रॅम सोललेल्या बियांत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. शेंगदाण्यात २५ च्या आसपास असतात, म्हणजे फार मागे नाही. ई जीवनसत्त्व तर त्यांत विपुल असते.

सूर्यफूल मूळचे उत्तर अमेरिकेतील. तेलबियांचे पीक म्हणून ते आपल्या देशात १९६९ साली रशियातून आणलेल्या वाणांमुळे रुजले. १९८० साली बंगळूर येथे तयार झालेला पहिला संकरित वाण आला, आणि लातूर, सोलापूर, उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, या भागांतील शेते पिवळी दिसू लागली. पुढे हा पेरा फार घटला, तो वेगळा विषय आहे. आपल्या कामाची गोष्ट अशी की तेलाच्या बिया लहान व काळ्या असतात आणि खाण्याच्या बिया मोठ्या, पट्टेरी असतात. बाजारात सोललेला गर मिळतो तो घ्यावा. कृषी केंद्रात पेरणीसाठी मिळणारे बियाणे चुकूनही खाण्यात वापरू नये, त्याला औषध चोळलेले असते.

गर कोठून घ्यावा यालाही महत्त्व आहे. सुक्या मेव्याच्या दुकानात बदाम, काजू, शेंगदाणे आणि या बिया शेजारशेजारच्या पोत्यांत असतात आणि दुकानदार एकाच मापाने सर्व काढतो. येथे तो चिमटा आठवा. म्हणून बंद पाकीट घ्यावे आणि त्यावरील बारीक अक्षर वाचावे. शेंगदाणे, सुका मेवा, दूध, अंडी, सोयाबीन, गहू अशा घटकांचा उल्लेख पाकिटावर करणे आपल्याकडील २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार आवश्यक आहे. ज्या पाकिटावर शेंगदाण्याचा अंश असू शकेल असे लिहिलेले असेल ते दुसऱ्या कामाला वापरावे. विद्यार्थी मित्रहो, घरात इंग्रजी वाचणारे तुम्ही असाल तर हे वाचन तुमच्याकडे आले असे समजा.

आता कृती. २५० ग्रॅम गर जाड बुडाच्या कढईत मंद आंचेवर आठ-दहा मिनिटे सतत हलवीत भाजावा. खमंग वास सुटला व रंग किंचित बदलला की उतरवावा, करपला तर कडू होतो. कोमट असतानाच मिक्सरमध्ये घालून फिरवावा. प्रथम त्याची पूड होते, मग ती भांड्याच्या कडेला गोळा होऊन बसते, आणि येथेच बहुतेकजणी हात टेकतात. धीर सोडू नये. मिक्सर बंद करून कडा खरवडाव्यात, यंत्र थोडे निवू द्यावे, पुन्हा फिरवावे. असे चार-सहा वेळा केले की बियांतले तेल सुटते आणि गुळगुळीत, चकचकीत लगदा तयार होतो. फारच कोरडे वाटले तर एक चमचा सूर्यफुलाचे तेल घालावे, पाणी घालू नये. यालाच सूर्यफुलाच्या बियांचे बटर म्हणतात. नाव बटर असले तरी त्यात दुधाचा थेंब नसतो.

भांड्यांविषयी एक सूचना. ज्या मिक्सरच्या भांड्यात आपण रोज शेंगदाण्याचे कूट करतो त्याच्या रबरी कड्यात व पात्याखाली कूट अडकून राहते. वावडे असलेल्या मुलासाठी शक्यतो वेगळे भांडे ठेवावे. हात साबणाने धुवावेत. नुसत्या पाण्याने किंवा हातावर चोळायच्या सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश नीट जात नाही. आणि शेंगदाण्याचे घाण्याचे तेल या कामात अजिबात वापरू नये, त्यात प्रथिनाचा अंश राहतो.

बिस्किटांसाठी या बटरपैकी १२५ ग्रॅम, साजूक तूप ५० ग्रॅम व पिठीसाखर १०० ग्रॅम एकत्र करून हलके होईपर्यंत फेसावे. त्यात एक अंडे फोडून घालावे, नंतर लिंबाचा रस एक चहाचा चमचा. १५० ग्रॅम मैदा, सपाट एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ व थोडी वेलचीपूड दोनदा चाळून त्यात मिसळावी. फार मळू नये. सुपारीहून थोडे मोठे गोळे करून किंचित चपटे करावेत, साधारण चोवीस होतात. १७० ते १७५ अंश सेल्सियस उष्णतेवर बारा ते चौदा मिनिटे भाजावे. बाहेर काढताना ती मऊच लागतात, निवल्यावर खुसखुशीत होतात. अंडे नको असेल तर दोन-तीन मोठे चमचे दूध घालावे. दुधाचे वावडे असेल तर तूप व दूध दोन्ही टाळून सूर्यफुलाचे तेल व पाणी वापरावे, बिस्किट थोडे ठिसूळ होईल एवढेच. ओव्हन नसेल तर मोठ्या पातेल्यात तळाला मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकण लावून दहा मिनिटे तापवावे व मग ताटली आत ठेवावी. त्यात पंधरा-वीस मिनिटे लागतात.

ईदच्या आधी आपल्याकडे पीठ घरी भिजवून बेकरीच्या भट्टीत भाजून आणण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. हे बिस्किट तेथे न्यायचे तर पत्रा आपला न्यावा, त्यावर नवा कागद घालावा आणि बेकरीवाल्या भाईंना आधी सांगून सकाळच्या पहिल्या घाण्यात भाजून घ्यावे. दुपारपर्यंत त्या फळीवरून शेंगदाणा आणि काजूची दहा बिस्किटे गेलेली असतात.

मी लिंबाचा रस का सांगितला, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी विचारायला हवे होते. सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल नावाचा पदार्थ असतो. तो कॉफीत असतो, वांग्यातही असतो. चिरलेले वांगे काळे पडते त्यात याच आम्लाचा वाटा असतो. बिस्किटात खाण्याचा सोडा घातला की पीठ अल्कधर्मी होते, आणि तशा स्थितीत हे आम्ल बियांतील प्रथिनांच्या घटकांशी संयोग पावून हिरवा रंग तयार करते. गंमत अशी की भट्टीतून निघताना बिस्किट छान तपकिरी असते आणि निवल्यावर, कित्येकदा दुसऱ्या दिवशी, आतून हिरवेगार होते. बुरशी समजून कित्येक गृहिणींनी असे घाणे फेकून दिले असतील. वास्तविक तो रंग निरुपद्रवी आहे. बुरशी पृष्ठभागावर ठिपक्याठिपक्यांनी वाढते व तिला कुबट वास येतो, हा रंग आतून सर्वत्र सारखा असतो. सोड्याऐवजी बेकिंग पावडर घेतली तर तिच्यात आम्ल मिसळलेले असल्याने हिरवेपणा कमी होतो, आणि लिंबाने आणखी कमी होतो.

दोन इशारे देणे माझे कर्तव्य आहे. सूर्यफुलाच्या बियांचे वावडे क्वचित असते, पण असते. तिळाचे तर अनेकांना असते. २०१६ साली इंग्लंडमधील नताशा एडनान-लापेरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी पावाच्या पिठातच घातलेल्या तिळामुळे दगावली. पाकिटावर तिळाचा उल्लेख नव्हता. तिच्या नावाने ओळखला जाणारा नियम तेथे ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. म्हणून ‘शेंगदाणा नाही’ याचा अर्थ ‘सर्वांना चालते’ असा घेऊ नये, डब्यावर घटकांची चिठ्ठी चिकटवावी. दुसरा इशारा असा की हे बिस्किट दिसायला व चवीला शेंगदाण्याच्या बिस्किटासारखेच असते. वावडे असलेल्या मुलाने याची गोडी लागून दुसऱ्याच्या डब्यातील तशाच बिस्किटाला हात घातला तर अनर्थ होईल. आपल्या मुलाला शिकवा की हे घरचे आणि चिठ्ठी लावलेलेच खायचे. याकरिता मी प्रत्येक बिस्किटावर काट्याने चौकोनी जाळी उमटवते.

बाजूच्या मेजावर काल संध्याकाळी भाजलेल्या तीन ताटल्या ठेवल्या आहेत. पहिलीत सोडा आहे, दुसरीत बेकिंग पावडर, तिसरीत बेकिंग पावडर व लिंबू. मोडून आतला रंग पाहावा आणि मग चव घ्यावी. तिन्हींत गहू, अंडे, तूप आणि सूर्यफुलाच्या बिया आहेत. यांपैकी कशाचेही वावडे असणाऱ्यांनी हात लावण्यापूर्वी कृपया मला भेटावे.